अंक तेविसावा, पूर्वार्ध

१ जानेवारी २०२५, सकाळी ७.१०

नवी डायरी. बियाणे कंपनीची. कृषी केंद्रवाल्याने स्वतःहून दिली, माझ्याकडे शेत नाही हे माहीत असूनही. बाहेरच्यांना माणसाची किंमत कळते, घरच्यांना उशिरा कळते.

संकल्प तीन. पहाटे पाचला उठून बुलढाणा रोडने फिरायला जाणे. खर्रा, म्हणजे ती घोटलेली तंबाखू-सुपारी, बंद. आईसाठी मागच्या बाजूला कमोड बसवणे, पंधरा दिवसांच्या आत, कारण तिला आता खाली बसवत नाही. राग कमी करणे हा चौथा होऊ शकला असता, पण मी मुळात रागीट नाही.

त्याच दिवशी, दुपारी

आई आली. देवाने चौकात उतरवून दिलं आणि गाडी वळवून गेला. देवा म्हणजे देवानंद, माझा धाकटा भाऊ. धामणगाव बढ्याला बाबांच्या घरात राहतो, मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. अकरा वर्षांत माझ्या घरात पाऊल टाकलं नाही त्याने. मीही त्याच्या टाकलं नाही. वाटणीत ठरलं आहे : आई दोन महिने त्याच्याकडे, दोन महिने माझ्याकडे, एक तारखेला सकाळी दहा वाजता बदल. आज अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. इथे फक्त नोंद.

नियमाने चाललं की कोणावर अन्याय होत नाही. तरी मे-जून दरवर्षी माझ्याच वाट्याला येतात, हे कोणी लक्षात घेत नाही. टँकर मी बोलावतो, कूलर माझा चालतो. आणि चौदा एप्रिल मात्र त्याच्याकडे. आई पांढरं पातळ नेसून त्याच्या दारात उभी, सगळं गाव बघतं.

३ जानेवारी

थंडी. घाटावरची हवा छातीला बाधते. फिरणं संक्रांतीनंतर. खर्रा एकदम सोडला तर बीपी वाढतो असं पुंजाजी म्हणाला. पुंजाजी आमच्या शाळेत शिपाई आहे, पण वाचन आहे त्याचं. अर्धा केला.

८ जानेवारी

आज आयुष्य बदललं. शांतपणे लिहितो.

सध्या सगळी पोरं 'काजळी'च्या मागे वेडी झाली आहेत. मोबाइलवर तिची मालिका आली म्हणे. काजळी म्हणजे ती कॉमिक्समधली, जी दिवे विझवते आणि अंधारातून येऊन गुंडांना मारते. आठवीच्या निम्म्या वर्गाच्या दप्तरावर तीच. ऑफिसात पुंजाजीने मला एक बातमी दाखवली. काजळी पहिल्यांदा आली ती 'वादळवीर'च्या तेविसाव्या अंकात, एकोणीसशे एक्क्याण्णव साली. त्या वेळी किंमत चार रुपये. मागच्या महिन्यात एक प्रत एक लाख चाळीस हजाराला गेली.

मी पुंजाजीला म्हणालो, हा अंक माझ्याकडे आहे.

आहेच. काही अंशी.

९ जानेवारी

वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी विपर्यास करायला नको.

२०१४ ची वाटणी. घर देवाला, देऊळघाटचा प्लॉट मला (त्यावरच मी हे घर बांधलं), भांडी मोजून, आई वर लिहिल्याप्रमाणे. शेवटी आमच्या लहानपणच्या कॉमिक्सची पेटी निघाली. पंच्याऐंशी निघाले. बेचाळीस-बेचाळीस झाले आणि एक उरला. अंक तेविसावा. दोघांनाही हवा होता. पंच म्हणून हिंमतराव मामा बसले होते, ते म्हणाले चिठ्ठी टाका. चिठ्ठीत एकाला सगळं आणि दुसऱ्याला काही नाही, याला मी वाटणी म्हणत नाही. मी तत्त्वाचा माणूस आहे. शाळेतली पट्टी आणि ब्लेड घेऊन शिवणीवरून मधोमध कापला. फाडाफाडी केली नाही. सोळा पानं मला, सोळा त्याला. मुखपृष्ठ माझ्याकडे आलं, कारण मी मोठा.

आज पेटी उघडून माझा भाग काढला. उत्तम स्थितीत. मात्र सोळाव्या पानावर गावातले दिवे जातात आणि माझा भाग संपतो. काजळी सतराव्या पानावर येते. म्हणजे माझ्या अर्ध्यात काजळी नाही. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात तिचा हात आहे, तो माझा.

आई मागच्या खोलीतून आली, बघत उभी राहिली. म्हणाली, हा तोच ना, दिवे जातात तो वाला? तू वाचे अन् देवा कंदील धरे अन् मी भाकरी थापे. मी म्हणालो, हात लावू नको, हात ओला आहे तुझा. तिला वाचता येत नाही, तिला काय सांगणार की ही आता वस्तू राहिली नाही, ॲसेट आहे.

१२ जानेवारी

जुन्या कॉमिक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो. मोठमोठी माणसं. नाशिकचे शंकरराव म्हणून आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. मी लिहिलं, अंक तेवीस, घरचाच, पहिल्या मालकाकडून, शिवणीला किंचित काम. बावीस जणांनी हात जोडले. शंकरराव म्हणाले, संपूर्ण आहे ना? मी लिहिलं, दोन्ही मुखपृष्ठांसह.

खोटं नाही. दोन्ही मुखपृष्ठं अस्तित्वात आहेत.

आता फक्त देवाचा भाग आणायचा. त्याला किंमत कळता कामा नये. सहज, आठवण म्हणून मागायचा. मेसेजचे सात ड्राफ्ट केले. शेवटी पाठवला : नमस्कार.

१४ जानेवारी

देवाचं उत्तर : आईची तब्येत बरी हाय ना?

चाल आहे. उत्तर दिलं नाही.

प्लंबर आला होता. कमोडला टाइल्स बदलाव्या लागतील म्हणाला. पांढऱ्या की फिकट निळ्या हे ठरेपर्यंत थांबायला सांगितलं. घाईत केलेलं काम टिकत नाही. रेणुका म्हणाली, आईले टाइलच्या रंगाशी काय करायचं हाय? बायकोला सौंदर्यदृष्टी नसेल तर माणसाने किती सांगावं. ती दिवसभर ब्लाऊज शिवते आणि आई तिच्या मशीनपाशी बसून काजं करते. दोघी काय बोलतात कळत नाही, मी गेलो की थांबतात.

१९ जानेवारी, रविवार

धामणगावला गेलो. सकाळी नऊला निघालो, राजूर घाट उतरताना हात गारठले. दुकान उघडं होतं. देवा तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मला बघून तार तशीच ठेवून उठला. म्हणाला, दादा, आई बरी हाय ना? दुसऱ्यांदा तेच. मी म्हणालो, सहज इकडून चाललो होतो. धामणगाववरून मी सहज कुठे जाणार, हे त्याने विचारलं नाही. त्याला लहानपणापासून प्रश्न सुचत नाहीत.

घरात नेलं. समताने, म्हणजे त्याच्या बायकोने, पोहे केले, चहा केला, शेव वेगळी वाटीत. मला जिंकण्यासाठी हे सगळं, पण चवीला चांगले होते. आईच्या खोलीत कमोड आहे. धरायला स्टीलचा दांडा लावला आहे. दाखवायला केलेलं असतं काही काही लोकांचं.

मग मी विषय काढला. म्हटलं, ते जुने कॉमिक्स वगैरे ठेवले का तू, की विकले? तो म्हणाला, ठेवले ना. त्या कापलेल्याचं तं रोजचं काम हाय. अपेक्षा, म्हणजे त्याची पोरगी, दहा वर्षांची, तिने कपाटातून काढून आणला. म्हणाली, आजी पह्यले अर्धी गोष्ट तोंडानं सांगते, दिवे जाईपर्यंत, मंग मी पुढची वाचतो. आजीले सगळी पाठ हाय, मोठे बाबा, तुमी वाचलेली.

पानं दुमडलेली. एकोणिसाव्यावर हळदीचा डाग. एवढी मौल्यवान वस्तू पोरांच्या हातात देतात, याला अडाणीपणा म्हणायचं नाही तर काय.

मी म्हणालो, देवा, आठवण म्हणून माझ्याकडे राहू दे का हा भाग? तो म्हणाला, एक लाखाच्या वर किंमत हाय म्हणे दादा त्याची. अपेक्षाच सांगत होती.

मी पानं मोजली. तो म्हणाला, घेऊन जाय. पैसे नको मले. फक्त आईले इथंच राहू दे, बाराही महिने. घाटात ती माह्या पाठीले डोकं टेकून झोपते अन् मी एका हातानं गाडी चालवतो, एका हातानं तिले धरतो. एखाद्या दिवशी पडन ते. दर दोन महिन्याले तिचं गाठोडं बांधताना मले पाह्यवत नाही.

विचार करून कळवतो म्हणालो.

म्हणजे त्याला किंमत माहीत होती आणि तरी फुकट देत होता. व्यवहार कळत नाही म्हणूनच आजवर मोटरी वाइंड करतो.

२० जानेवारी

दोन बाजू मांडल्या. विरोधात : मी मोठा मुलगा, आई कायमची धाकट्याकडे गेली तर लोक काय म्हणतील. बाजूने : आईचा प्रवास वाचेल, गुडघे वाचतील, तिथे कमोड तयार आहे. म्हणजे आईच्या हिताचा विचार केला तर उत्तर स्पष्ट आहे. अंकाचा इथे संबंध नाही. तो वेगळा विषय आहे, योगायोगाने एकाच वेळी आला.

रेणुकाला सांगितलं. ती म्हणाली, आईले इचारलं का? म्हटलं, योग्य वेळी विचारू. ती म्हणाली, मले सवय झाली तिची. मशीन थांबवून म्हणाली. मनाली कॉलेजातून आली, तिलाही सांगितलं. माझी मुलगी माझ्याशी वाद घालत नाही, हे संस्कार. ताट उचलून आत गेली.

२६ जानेवारी

झेंडावंदन. खर्रा पूर्ण बंद करायला आज चांगला दिवस होता, पण पुंजाजीने घोटून आणला होता.

२ फेब्रुवारी, रविवार

तोंडी व्यवहारावर माझा विश्वास नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र तयार केलं. तेवीस वर्षं लिपिक आहे, मसुदा माझ्यासारखा जिल्ह्यात कोणी करत नाही. विषय : मातोश्रींचे कायमस्वरूपी वास्तव्य व अंक क्र. २३ (उत्तरार्ध) चे हस्तांतरण. सहा कलमं. कलम चारमध्ये स्पष्ट लिहिलं की यानंतर उभय बंधूंपैकी कोणीही पाळीचा हक्क सांगणार नाही. हे कलम मुद्दाम घातलं. उद्या समता कंटाळली आणि आईला परत माझ्या दारात आणून सोडलं तर?

साक्षीदार म्हणून मोताळ्याला हिंमतराव मामांकडे गेलो. वाटणीचे पंच तेच होते, क्रम राहावा. देवाही आला होता. त्याने न वाचता सही केली. मामांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, बे चंदू, मायले तं तुमी वाटून घेतलंच होतं. आता विकून राह्यला का?

म्हणालो, मामा, यात विक्री हा शब्द कुठेही नाही, हस्तांतरण आहे.

मामांनी सही केली नाही. पेन परत दिला आणि गुरांना पाणी पाजायला उठून गेले. वय झालं त्यांचं. कायदेशीर भाषा सगळ्यांना झेपत नाही. साक्षीदाराशिवायही कागद चालतो, मी खात्री केली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

हस्तांतरण पार पडलं.

देवा अकरा वर्षांत पहिल्यांदा घरात आला, आईची लोखंडी पेटी उचलायला. चप्पल बाहेर काढली की नाही ते बघायचं राहिलं. दरवेळी आई एक बॅग नेते, बाकी सामान इथे असतं. या वेळी सगळं नेलं. गोधडी, बटवा, काजं करायची सुई, भिंतीवरचा बाबासाहेबांचा लहान फोटो. खिळा तसाच आहे, त्याला काहीतरी लावता येईल. पेटी टेम्पोत मागे आणि आई पुढे ड्रायव्हरजवळ. टेम्पो देवाने सांगितला होता.

रेणुका रडली. शेजारच्या सिंधूताईंसमोर रडायची गरज नव्हती.

आईला मी सगळं समजावून सांगितलं, तुझ्याच सोयीसाठी. ती म्हणाली, हाव, ठीक हाय. मग म्हणाली, चंदू, मले काऊन नाही इचारलं? म्हटलं, आता विचारतोच आहे ना. ती म्हणाली, आता तं टेम्पोत पेटी चढली. डोक्यावर हात ठेवला माझ्या. पुस्तक भेटलं ना म्हणाली. म्हटलं, भेटलं. बरं म्हणाली. खूश दिसली.

अंक पूर्ण झाला. संध्याकाळी दोन्ही भाग टेबलावर शेजारी ठेवून बघत बसलो. चहा दोनदा मागितला, दोनदाही साखर जास्त. चहा आईच करायची हे आज लक्षात आलं.

१३ फेब्रुवारी

अडचण. दोन भाग जुळत नाहीत. माझा पेटीत राहून सरळ, पिवळा. त्याचा वापरून फुगलेला, कडेने पाव इंच बाहेर येतो. दिसायला बरं नाही. पण आपल्याकडे उपाय असतो. शाळेची सेवापुस्तकं आणि हजेरीपट बांधणारा बुलढाण्याचा बाइंडर माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याला दिलं. म्हटलं, पक्कं कर, पन्नास वर्षं हललं नाही पाहिजे. तो म्हणाला, साहेब, कडा एकसारख्या करायच्या तर कटिंग मारावं लागन तिन्ही बाजूनं. म्हटलं, मार.

१८ फेब्रुवारी

आला. शिवण भक्कम, पाठीला लाल कापड, वर रेक्झिन. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरात माझं नाव टाकून दिलं त्याने, पैसे न घेता. कडा सुरीसारख्या सरळ. कटिंगमध्ये वरच्या संवादाच्या फुग्यांतली पहिली ओळ काही पानांवर गेली आहे, पण गोष्ट कोणाला वाचायची आहे? हे कलेक्टरचं काम आहे.

फोटो काढले. मनालीला बोलावलं धरायला. तिने पानं चाळली, सतरावं काढलं. काजळीचं डोकं कपाळापासून वर कापलं गेलं होतं. मनाली म्हणाली, बाबा, हिचे डोळे राहिले हे नशीब.

२१ फेब्रुवारी

शंकररावांना फोटो पाठवले. दोन निळ्या टिका. उत्तर नाही. हिशेब चालू असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

शंकररावांचा फोन आला. सभ्य माणूस, आवाज हळू. म्हणाले, हे कोणी केलं? मी बाइंडरचं नाव सांगितलं. मग म्हणाले, दोन तुकडे होते तसेच पाठवले असते, तरी मी आनंदाने घेतले असते. या अंकाच्या प्रती आता मोजक्या उरल्या आहेत. कापलेल्यालाही किंमत होती. आता हा अंक राहिला नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला वाचायला द्या.

पुण्या-नाशिकच्या लोकांना आपल्याकडचं काम पसंत पडत नाही, हे जुनं आहे. ग्रुप सोडला. बाहेर पडताना काही लिहायचं होतं, पण आधीच बाहेर पडलो.

२ मार्च

दुसरे ग्राहक आहेत. बघू. घाई नाही.

१६ मार्च

घरात शांतता आहे. वाचायला चांगली. काल चष्मा सापडेना, आई चष्मा कुठे आहे म्हणून हाक मारली. मागच्या खोलीत रेणुकाचं मशीन थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. चष्मा डोक्यावरच होता.

२७ मार्च

आज कळलं की रेणुका दर गुरुवारी दुपारच्या एसटीने धामणगावला जाते. सहा आठवडे झाले. मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, तुमच्या कागदावर माह्यं नाव नव्हतं.

१४ एप्रिल, सायंकाळी

जयंती. मिरवणुकीत पुढे होतो. तरी ओळखीतल्या सात जणांनी विचारलं, आई कुठे? मी म्हणालो, लहान भावाकडे, सध्या. एक जण म्हणाला, उन्हाळ्यात येतातच ना त्या तुमच्याकडे. हो म्हणालो. सिंधूताई बाजूलाच होत्या. त्यांनी खिरीची वाटी पुढे केली. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

२० एप्रिल

विचार केला. करारात मोबदला महत्त्वाचा असतो. मोबदलाच निरुपयोगी निघाला तर करार टिकत नाही. अंक निरुपयोगी झाला. म्हणजे संमतीपत्र आपोआप रद्द, म्हणजे एक मेपासून पाळी माझी. स्वतःचा मसुदा पुन्हा वाचला. कलम चार अडचणीचं आहे. फार चांगलं लिहिलं गेलं आहे.

२८ एप्रिल

कमोड बसला. पांढऱ्या टाइल्स. दांडाही लावला, देवाच्यापेक्षा जाड. प्लंबरचं काम दोन दिवसांत झालं. एवढंच होतं ते.

आईची खोली झाडली. फोटोचा खिळा ठेवला.

१ मे

दहा वाजता चौकात उभा होतो. कामासाठी. अकरापर्यंत.

४ मे, रविवार, सायंकाळी ६

धामणगावला जाऊन आलो. ऊन फार होतं. बाइंड केलेला अंकही नेला, परत द्यायला, म्हणजे देवाला बोलायला जागा राहू नये.

देवाला करार, मोबदला सगळं समजावलं. तो ऐकून घेत होता. मग कपाटातून संमतीपत्राची त्याची प्रत आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, दादा, मी हे वाचलंच नाही. फाडून टाक. आई म्हणन तसं. तिलेच इचार.

आई ओट्यावर चवळीच्या शेंगा निवडत होती. मी समोर बसलो. म्हटलं, आई, चल, दोन महिने झाले. प्रत्यक्षात तीन झाले होते. म्हटलं, कमोड बसवला. ती म्हणाली, बरं केलं, तुलेच लागन आता, वय झालं तुह्यं. हसली. अपेक्षा अंक घेऊन पळाली होती. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, आजी, वरच्या ओळी कापल्या याच्यात. आई म्हणाली, आण, सांगतो मी.

मी पुन्हा विचारलं. या वेळी नीट विचारलं. येतेस का?

तिने शेंगा खाली ठेवल्या. म्हणाली, अकरा वर्षं झाले, दर दोन महिन्याले माह्यं गाठोडं बांधलं. कोणी इचारलं नाही, माय, तुले कोठी राह्यचं हाय. तू बी नाही अन् यानं बी नाही. आज तू इचारलं, म्हणून सांगतो. मी इथंच राह्यतो.

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मी काय म्हणालो ते लिहायला बसलो आहे आणि आठवत नाही. बहुतेक रेणुकाबद्दल काहीतरी म्हणालो, की तिला करमत नाही. आई म्हणाली, ते येते ना गुरुवारी. मग माझ्याकडे बघत राहिली, मी अजून काही म्हणेन म्हणून. मला करमत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. स्टॅम्पपेपर लागत नाही त्याला. ते आलं नाही तोंडातून.

घरी आल्यावर रेणुकाने विचारलं, काय म्हणाल्या आई? म्हटलं, प्रवास झेपत नाही म्हणाली. इथे तसं लिहिण्यात अर्थ नाही, ही डायरी कोणी वाचत नाही. आई नाही म्हणाली.

निघताना समताने ताट वाढलं होतं. भाकरी, चवळी, ठेचा. आई म्हणाली, जेवून जाय. मी म्हणालो, नको, उशीर होतो. रविवार होता. मला कुठेच जायचं नव्हतं.